कॅबरेतली डिव्हा: तिला आपल्याकडून काय हवं असतं?

एका गायिकेने विचारलंय, थोडक्यात असं: "तीन वर्षं कॅबरेचे, म्हणजे लहान खोलीत टेबलांशी बसलेल्या लोकांपुढे गाण्या-बोलण्याचे, एकटीचे कार्यक्रम करते आहे. गळा बरा आहे, गाणी विचार करून निवडलेली आहेत. दिग्दर्शक म्हणाले, तुझ्यात डिव्हा, म्हणजे मंचावर राज्य करणारी तोऱ्यातली तारका, दिसत नाही, ती आण. म्हणून लांब गाऊन शिवला, कोपराच्या वर येणारे काळे हातमोजे घेतले. मुद्दाम उशिरा मंचावर येते, पियानोवाल्यावर खेकसते, पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी फिरकी घेते. लोक हसतात, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत खोली थंड पडलेली असते. माझं चुकतंय कुठे? की डिव्हा हे प्रकरणच आता जुनं झालंय? आणि तिच्यात शिरताना मी माझी किती उरायचं?"

मी गाणारा नाही. बावीस वर्षं पियानोवर बसून साथ केली आणि त्यातली निम्मी वर्षं कार्यक्रमांची बांधणीही केली. त्यामुळे डिव्हा मी बहुतेक वेळा पाठीमागून, तिरकी पाहिलेली आहे. समोरच्यांना चेहरा दिसतो. मला खांदे दिसतात, मानेवरचा घाम दिसतो आणि गाण्याआधीचा श्वास ऐकू येतो. उत्तर तिथूनच देतो.

तुम्ही तोऱ्यापासून सुरुवात केलीत, तिथेच गाडी रुळावरून घसरली. तोरा हा सगळ्यात शेवटी चढवायचा दागिना. त्याच्या आधी एक साधा प्रश्न सुटायला हवा: या बाईला समोरच्या माणसांकडून आज रात्री काय हवं आहे? डिव्हा मागते. उघडपणे, संकोच न करता, दहा जणांत मागायला आपल्याला लाज वाटेल अशी गोष्ट ती मागते. ती मिळाली की त्याची फेड गाण्यातून करते. मागणं आणि फेड, या दोन पायांवर ती उभी असते. तुमची डिव्हा उशीर करते, खेकसते, फिरकी घेते, पण तिला हवंय काय हे खोलीत कुणालाच कळत नाही. कारण न सांगता रागावलेल्या माणसाशेजारी कोण बसून राहील?

शब्दाचंच बघा. डिव्हा म्हणजे लॅटिनमध्ये देवी. इटालियन ऑपेराच्या वाटेने तो जगभर गेला, आणि आपला 'देव', 'देवी' हा शब्दही त्याच प्राचीन मुळातून फुटलेला. देवी म्हटली की कोपणं असतं, तसं पावणंही असतं. नुसती कोपणारी देवी फार दिवस कुणी धरून ठेवत नाही.

मागणं म्हणजे काय ते दिसायला हवं असेल तर म्याव म्याव या नावाने काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन कलावतीचे प्रयोग पाहा. मूळ नाव मेलिसा मॅडन ग्रे. ती येते तीच मोठ्या तारकेच्या थाटात, आणि थोड्याच वेळात कळतं की तारकेला साजेसं काहीच तिच्याभोवती नाही. मग ती लोकांनाच कामाला लावते. तू माझा हात धर, तू पाय उचल, तू हे सामान सांभाळ. तिला अक्षरशः उचलावं लागतं. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकत ती गात राहते. वरवर हा निव्वळ गोंधळ, पण त्यातली योजना ध्यानात घ्या. तिची मागणी शरीराची आहे: मला पडू देऊ नका. आणि गोंधळ संपल्यावर ती जेव्हा एखादं जर्मन किंवा फ्रेंच गाणं अगदी हळू म्हणते, तेव्हा ज्या माणसाने दोन मिनिटं तिची टाच हातात धरून ठेवली होती त्याला ते गाणं परकं वाटत नाही. शब्द कळले नाहीत तरी. तिचं वजन त्याच्या मनगटात अजून शिल्लक असतं.

दुसरं उदाहरण किकी आणि हर्ब यांचं. किकी म्हणजे जस्टिन व्हिव्हियन बॉण्ड, आणि पियानोवरचा हर्ब म्हणजे केनी मेलमन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, एड्सने माणसं जात होती त्या काळात, सॅन फ्रान्सिस्कोत ही जोडी उभी राहिली. किकी ड्यूरेन ही उतारवयाला लागलेली, दारू पिणारी, नशिबाने झोडपलेली गायिका. साकारणारे बॉण्ड तेव्हा ऐन तारुण्यात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रेघांनी काढलेल्या, आणि त्या काढलेल्या आहेत हे दिसावं अशाच काढलेल्या. किकी बोलता बोलता आयुष्य सांगते, भरकटते, चिडते, आणि कुठल्यातरी ओळखीच्या पॉप गाण्यात अशी घुसते की ते गाणं तिच्या जबानीसारखं ऐकू येतं. तिला काय हवंय? साक्षीदार. मी जगले, माझी माणसं मेली, हे कुणीतरी ऐकून घ्या. लहान बारमधून निघालेली ही बाई २००४ मध्ये कार्नेगी हॉलला गेली, २८०० आसनांच्या सभागृहात, आणि २००६ मध्ये ब्रॉडवेवर. पुढे बॉण्ड स्वतःच्या नावाने गाऊ लागले आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. मेलमनचं पियानो वाजवणं मी साथीदाराच्या कानाने ऐकतो तेव्हा दर वेळी थक्क होतो. किकी जिथे तोल घालवते तिथे पियानो तिच्याहून जास्त बेभान होतो, आणि त्या बेभानपणातच ती पुन्हा उभी राहते. ती झिंग ताल सोडत नाही. रोज रात्री तशीच झिंग उभी करायची तर ती मात्रा मोजून बसवावी लागते. प्रत्यक्षात पेला घेऊन मंचावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या गाण्याला त्यांची शब्दफेक जाते आणि चौथ्याला प्रेक्षक.

प्रत्येक डिव्हा एवढी मोठ्याने मागते असं मात्र समजू नका. मेबल मर्सर ही गायिका लहान खोलीत, सरळ पाठीच्या खुर्चीत बसायच्या, हात मांडीवर. पॅरिसमध्ये नाव झालं, मग न्यूयॉर्कमध्ये दशकानुदशकं गायल्या, १९८४ मध्ये गेल्या. हातवारे जवळजवळ नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी असायची: शांतता. आणि ती त्या शब्दांच्या बळावर मिळवायच्या. ओळ कुठे तोडायची, कुठल्या शब्दावर क्षणभर थांबायचं, हे शिकायला गाणारी मोठमोठी मंडळी त्यांच्याकडे यायची. फ्रँक सिनात्राने ते ऋण उघड मान्य केलं होतं. गाऊन आणि हातमोजे म्हणजे डिव्हा असं ज्यांना वाटतं त्यांनी ही खुर्ची डोळ्यांपुढे ठेवावी.

मूळची जर्मन चित्रपट-तारका मार्लीन डीट्रिश, तिच्या वाट्याला अगदी उलटं मागणं. १९५३ मध्ये लास वेगासला तिने एकटीचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली होती. जाँ लुई यांनी शिवलेले, अंगावर काहीच नाही असा भास करणारे मण्यांचे पोशाख, नेमका प्रकाश, मोजून केलेली हालचाल. तिला हवं होतं अंतर: बघा, पण जवळ येऊ नका. एवढ्यावर थांबली असती तर ती दुकानातली बाहुली झाली असती. पण दुसऱ्या महायुद्धात ती दोस्त सैन्यापुढे गायलेली बाई होती, आणि १९६० मध्ये ती जर्मनीत गायला गेली तेव्हा तिच्याच मायदेशातल्या काहींनी तिला फितूर ठरवून निदर्शनं केली. त्या बाईने युद्धात गेलेल्या पोरांचं गाणं जर्मन भाषेत म्हटलं की मण्यांच्या पोशाखाचा अर्थ बदलून जायचा. हीच ती फेड. अंतर राखणाऱ्या बाईने दिलेली असल्यामुळे जास्त जड. १९७५ मध्ये सिडनीत मंचावर पडून मांडीचं हाड मोडेपर्यंत ती गात राहिली.

आता तुमच्या कामाचं. एक प्रसंग सांगतो, कारण नुसत्या तत्त्वाने काही हाती लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एक गायिका माझ्याकडे आली. चाळिशीची, आवाजात खर्जाची सुंदर खरखर. तिलाही कुणीतरी डिव्हा हो म्हणून सांगितलं होतं. पहिल्या तालमीला तिने मान वर करून, नाकाच्या शेंड्यावरून बघत तीन गाणी म्हटली. मी पियानोचं झाकण लावलं आणि विचारलं, या लोकांकडून तुला काय हवंय? म्हणाली, टाळ्या. म्हटलं, टाळ्या मलाही हव्यात, सांग काय हवंय. ती चिडून गेली. दोन दिवसांनी आली ती दारातूनच बोलत आली: "माझी कुणी वाट पाहत नाही. मीच सगळ्यांची पाहते. तर यांनी पाहावी."

त्यावर अख्खा कार्यक्रम बसला. पुढच्या एका टेबलाशी आम्ही एक खुर्ची रिकामी ठेवायचो, पाठीवर तिचा कोट. ती अगदी वेळेवर यायची. माइककडे जाता जाता थांबायची, खुर्चीकडे बघायची, आणि शेजारी बसलेल्या माणसाला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तो आला की मला खूण करा. मी विचारलं म्हणून सांगू नका." आणि लगेच ताठ होऊन आम्हा सगळ्यांना: "मी कुणाची वाट पाहत नसते." तुम्हाला हवा असलेला तोरा तो हा. गरज लपवायला आलेला. प्रेक्षकांनी गरज आधी पाहिली, झाकण नंतर पाहिलं, म्हणून त्यांना तो तोरा आवडला. पुढचा तासभर त्या टेबलावरची माणसं दाराकडे बघत असायची. कुणी प्रसाधनगृहाकडे जायला दार उघडलं तरी खोलीतल्या माना वळायच्या. ती मधूनमधून त्या शेजाऱ्याकडे भुवई उंचावायची, तो नकारार्थी मान हलवायचा, आणि ती आणखी चढ्या दिमाखात पुढचं गाणं सुरू करायची.

शेवटून दुसऱ्या गाण्याला ती मंच उतरायची, माइक माझ्या पियानोवर ठेवायची आणि त्या रिकाम्या खुर्चीत स्वतः बसून विनामाइक गायची. पहिल्या रात्रीचं मला अजून दिसतं. ती बसली तेव्हा शेजारच्या माणसाने काही न बोलता स्वतःचा पेला आपल्याकडे ओढून घेतला आणि तिच्या कोपरासाठी टेबलावर जागा केली. त्या माणसाला आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. मी डाव्या हाताचे स्वर सोडून दिले, उजव्याने नुसती चाल धरली. तासभर जे मागितलं होतं ते मिळालं, आणि फेडही तिथेच झाली.

या बाईकडे ना गाऊन होता ना हातमोजे. काळी पँट, पांढरा शर्ट, ओठांना गडद रंग. तरी बाहेर पडताना लोक "काय डिव्हा आहे" म्हणत होते.

तंत्राच्या काही गोष्टी. प्रवेशाचं संगीत, ज्याला आम्ही व्हॅम्प म्हणतो, म्हणजे गायिका सुरू करेपर्यंत घोळवत ठेवायच्या दोन किंवा चार मात्राखंडांच्या ओळी, हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. उशीर विंगेत करायचा नसतो. विंगेत उशीर झाला की लोक घड्याळ बघतात. मंचावर आल्यावर केला की ते तुम्हाला बघतात. आत येऊन माइकपर्यंत जाताना एकदा थांबा. व्हॅम्प दुसऱ्यांदा फिरला की कुजबुज थांबते, तिसऱ्यांदा कुणीतरी हसतं, चौथ्यांदा हवेत ताण येतो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कुठेतरी तुमचा पहिला शब्द असतो. तो कुठे पडतो हे खोलीगणिक बदलतं, म्हणून पियानोवाल्याची आणि तुमची नजर बांधलेली हवी. मी तरी गायिकेच्या खांद्याकडे बघतो. श्वास आधी खांद्यात येतो.

गाण्याची पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. कॅबरेत गाणं बोलण्याला लागून असलं पाहिजे. गाताना तुम्ही बोलता आहात असं वाटलं पाहिजे आणि बोलताना केव्हाही गाणं सुरू होईल असं. उंच पट्टीतला लखलखीत आवाज एका गाण्यापुरता राखून ठेवा, फेडीच्या गाण्यापुरता. पहिल्याच गाण्यात सगळा गळा दाखवला की पुढे मागायला तोंड उरत नाही. मधल्या बोलण्याचा शब्द न् शब्द लिहून पाठ करा आणि मग सुचल्यासारखा बोला. तासाभराच्या कार्यक्रमात बारा गाणी असतील तर दर गाण्याआधी बोलायलाच हवं असं नाही. दोन गाणी एकमेकांना जोडून घेतली की तिसऱ्याआधीचं बोलणं वजनदार होतं.

पियानोवाल्यावर खेकसण्याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण ते मी अंगावर झेललेलं आहे. साथीदार हा मंचावरचा एकच माणूस असा असतो की ज्याला तिचं सगळं ठाऊक आहे, असं प्रेक्षक धरून चालतात. तुम्ही त्याला नुसतं झापलंत तर लोकांची सहानुभूती त्याच्याकडे जाते आणि ती परत येत नाही. त्याच्या हातात थोडी सत्ता द्या. तुम्ही म्हणा, "हळू वाजव," आणि त्याने तसूभरही हळू न होता वाजवत राहावं. तुम्ही त्याच्या लयीत गायला लागा. किंवा तुम्ही एक गाणं जाहीर करा आणि त्याने शांतपणे दुसऱ्याचे स्वर सुरू करावेत, जे तुम्ही टाळत होतात ते. तुम्ही त्याच्याकडे बघा, तो तुमच्याकडे बघणार नाही, आणि ते गाणं म्हणावं लागेल. असा एक क्षण दहा खेकसण्यांपेक्षा जास्त काम करतो, कारण त्यात डिव्हा हरलेली दिसते. डिव्हा मधूनमधून हरावीच लागते. तिला सगळंच मिळालं तर आम्ही तिला काय द्यायचं?

आता फिरकी. इथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो, ते बंद करा. एका कार्यक्रमात आमच्या गायिकेने पुढच्या रांगेतल्या एका माणसासमोर माइक धरून नाव विचारलं. तो बोलेना. ओठ हलले, आवाज येईना. लोकांना वाटलं गंमत चालली आहे, ते हसले. तीही व्यक्तिरेखेत होती, म्हणाली, "माझ्याकडे बघून नाव विसरलास?" हशा वाढला. तो माणूस तोतरा होता. पियानोवरून मला त्याचा गळा दिसत होता, मला कळलं होतं, आणि मी व्हॅम्पच वाजवत राहिलो. त्या वेळी पुढच्या गाण्याचा पहिला स्वर जोरात मारणं एवढंच माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. मध्यंतरात तो निघून गेला. गायिका नंतर ढसाढसा रडली. त्याची रिकामी झालेली खुर्ची मला अजूनही आठवते.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही कार्यक्रमात प्रेक्षकासमोर माइक धरला जात नाही. हातांनी करता येईल असं काहीतरी मागायचं: हे धर, हे सोड, इथे उभा राहा, माझ्याकडे बघू नकोस. विचारण्याआधी डोळ्यांनी परवानगी घ्यायची. जो आधीच थोडा पुढे झुकून बसलाय तो तयार असतो, जो पेल्यात बघतोय तो नसतो. अंधाराला डोळे सरावले की हे अगदी स्पष्ट दिसतं. आणि परत जाताना तो माणूस जिंकलेला हवा. हशा झालाच तर डिव्हावर व्हावा.

डिव्हा जुनी झाली का, या प्रश्नामागे बहुधा तुम्हाला कुणीतरी केलेला उपदेश आहे. जुनी ती आधीपासूनच होती, आणि स्वतःची टिंगल करतच मोठी झाली. १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये ल शा न्वार सुरू झालं, तिथून कॅबरेची परंपरा मोजतात. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये तिला धार आली. तिथे मार्गो लिऑन ही काटकुळी अभिनेत्री फॅशनच्या मागे लागलेल्या बाईचंच विडंबन करून गाजली, आणि १९२८ मध्ये एका रेव्ह्यूत, म्हणजे गाणी आणि नकलांच्या मिश्र कार्यक्रमात, तिच्या जोडीला होती डीट्रिश, पुढे जिच्या नावाने डिव्हा ओळखली जाणार होती तीच. म्हणजे मूर्ती आणि मूर्तीची नक्कल एकाच मंचावर, शेजारी शेजारी. पुरुष कलावंतांनी, ड्रॅग करणाऱ्यांनी, म्हणजे भडक स्त्रीवेषात मंचावर येणाऱ्यांनी, स्त्री-पुरुष या दोन्ही खणांत न बसणाऱ्यांनी डिव्हा हाती घेतली ती या परंपरेला धरूनच. त्यांनी आपल्याला एक गोष्ट स्वच्छ दाखवली: डिव्हा ही घडवलेली वस्तू आहे, आणि घडवलेली दिसली म्हणून ती खोटी ठरत नाही. बाई म्हणून जन्मलेल्या गायिकेलाही ती घडवावीच लागते. तुम्ही ती अंगातून आपोआप येईल म्हणून थांबला असाल तर थांबू नका.

या काळात डिव्हा काय करू शकते त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या दृष्टीने टेलर मॅक या अमेरिकी कलावंतांचं. २०१६ मध्ये ब्रुकलिनला त्यांनी १७७६ पासूनची अमेरिकी लोकप्रिय गाणी सलग २४ तास गायली, दर तासाला एक दशक. मशीन डॅझल या वेशभूषाकाराने केलेले प्रचंड, डोळे दिपवणारे पोशाख. पण मला हलवून टाकते ती वाद्यवृंदाची योजना. सुरुवातीला मंचावर २४ वादक, आणि दर तासाला एक जण उठून जातो. शेवटच्या तासाला मॅक एकटे. एवढ्या थाटाची डिव्हा, आणि तिच्या पाठीमागून एकेक माणूस कमी होत जातं. एड्सच्या काळात ज्यांनी आपली माणसं अशीच एकेक करून गमावली त्यांना ते समजावून सांगावं लागलं नसेल. मागणं तरी केवढं: तुमचा अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. आणि माणसांनी तो दिला.

जुनं झालंय ते दुसरंच. सहकाऱ्यांना पडद्यामागे छळणं आणि त्याला प्रतिभा म्हणणं, हे जुनं आणि कुजकं. आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, वाढवून मागणाऱ्या गायिकेला "डिव्हागिरी करते" म्हणणंही तितकंच कुजकं. तेच एखाद्या पुरुषाने मागितलं तर तो काटेकोर ठरतो. तुमच्या कामाला लागतं ते पडद्यामागे शांतपणे, नेमक्या शब्दांत मागा, आणि मंचावरच्या बाईला हवं ते तिला गाजावाजा करून मागू द्या. दोन्ही मागण्या एकमेकांत मिसळल्या की तंत्रज्ञ तुमच्यापासून तुटतात, आणि प्रकाश चार मात्रा उशिरा यायला लागतो.

राहता राहिलं ते मी आणि ती. अर्था किट या अमेरिकी गायिकेचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. १९२७ मध्ये दक्षिण कॅरोलिनात जन्म, कापसाच्या शेतांतलं, नाकारलेलं बालपण. मंचावरची अर्था किट गुरगुरत हिरे, फर, श्रीमंत पुरुष मागायची. १९५३ च्या तिच्या गाजलेल्या नाताळच्या गाण्यात तर मागण्यांची यादीच आहे. पण स्वतःबद्दल बोलताना ती दोघी वेगळ्या सांगायची: अर्था मे ही कुणालाच नको असलेली मुलगी, आणि अर्था किट ही जगाला हवी असलेली बाई. एक दुसरीला सांभाळायची. म्हणून मंचावरचं ते हिरे मागणं कितीही खट्याळ असलं तरी पोकळ वाटायचं नाही. कधीतरी काहीच न मिळालेल्या पोरीने ती यादी केली होती. ऐंशीच्या आसपासही ती न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये गात होती.

तुमच्यातली अर्था मे कोण, हे मला विचारू नका आणि प्रेक्षकांना तर मुळीच सांगू नका. तुम्हाला ठाऊक असलं की पुरे. फक्त एक पथ्य: ओली जखम मंचावर नेऊ नका. ज्या दुःखाबद्दल एखाद्या मैत्रिणीशी न रडता, पूर्ण वाक्यात बोलता येतं तेच कामाचं. बाकीचं अजून तुमचं आहे, त्याला हात लावू नका. मी एक कार्यक्रम अर्ध्यात थांबलेला पाहिलाय. प्रेक्षक घाबरले होते, आणि घाबरलेला प्रेक्षक काही देऊ शकत नाही. सवयीचं म्हणाल तर तिच्यासाठी एखादी वस्तू ठरवा, अंगठी, केसातला काटा, काहीही, जी विंगेत अगदी शेवटी चढते आणि मंचावरून परतताच सगळ्यात आधी उतरते. ती वस्तू अंगावर असताना कुणाशी घरगुती बोलायचं नाही, आणि ती नसताना कुणावर रुबाब करायचा नाही.

आणि ते हातमोजे. ठेवा ते. पॅरिसमध्ये इव्हेत गिल्बेर या कॅबरे गायिकेचे काळे हातमोजे इतके ओळखीचे झाले होते की चित्रकार तुलूझ-लोत्रेकने चित्रात नुसते मोजे काढले तरी लोकांना बाई दिसायची. मुळात ओढगस्तीच्या दिवसांत काळे मोजे परवडायचे म्हणून त्यांनी ते घालायला सुरुवात केली होती. म्हणजे त्या मोज्यांना कारण होतं. तुमच्याही मोज्यांना कारण शोधा: हात झाकायचेत का, काही ठसा उमटू द्यायचा नाही का, कुणीतरी ते काढावेत म्हणून घातलेत का? कारण सापडेपर्यंत दहा तालमी साध्या कपड्यांत, उघड्या हातांनी करा. तिला काय हवंय ते एका ओळीत लिहून पियानोवाल्याला द्या. त्याला ते माहीत असलंच पाहिजे, नाहीतर तो व्हॅम्प कशासाठी फिरवतोय हे त्यालाच कळणार नाही. आणि पुढच्या कार्यक्रमाला ठरल्या वेळी मंचावर या. तिला उशीर करायचाच असेल तर दारापासून माइकपर्यंतच्या त्या सहा पावलांत करू द्या.